आईची टोपली

१२ नोव्हेंबर २०२५. मोबाईलवर बातमी झळकली : ऑक्टोबरचा किरकोळ महागाई दर ०.२५ टक्के. मी लगेच आईला फोन लावला.
"आई, महागाई पाव टक्क्यावर आली!"
"बरं झालं की," ती म्हणाली. "कोणाची?"

मी हसले. पण प्रश्न डोक्यातून जाईना. २०२१ पासून मी घरी दर महिन्याला तेवढेच पैसे पाठवत होते. बाबा खाजगी कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या पेन्शनला महागाई भत्ता नाही. आईने कधी जास्त मागितले नाहीत, म्हणून मी धरून चाललेले की भागतंय.

महागाई दर म्हणजे किंमत नव्हे, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा झालेली वाढ. एप्रिल २०२२ मध्ये तो ७.७९ टक्के होता. ती वाढ कुठे गेली नाही. पुढच्या वर्षांची वाढ तिच्यावरच चढत गेली. हा दर ज्या निर्देशांकावरून काढला, त्यातली खर्चाची वाटणी २०११-१२ च्या पाहणीतली. अन्न आणि पेयं मिळून ४५.८६ टक्के, आरोग्य ५.८९.

पुढच्या शनिवारी घरी गेले, तेव्हा आईची किराण्याची डायरी चाळली. २०२१ : शेंगदाणे २ किलो, तूरडाळ ३ किलो, तेल ५ लिटर. २०२५ : शेंगदाणे अर्धा किलो, डाळ दीड, तेल ३. सुकं खोबरं गायबच. खालची बेरीज मात्र चार वर्षं जवळपास तीच.

डाळ २०२३ मध्ये महागली तेव्हा दीड किलोवर आली होती. यंदा स्वस्त झाली, तरी दीडवरच राहिली. कारण शेवटच्या पानावर होतं : बाबांची औषधं. आमच्या घरी आरोग्याचा वाटा पाच-सहा टक्के नाही, चौथा हिस्सा आहे.

निर्देशांक टोपली तीच ठेवतो आणि पैसे किती जास्त लागले ते मोजतो. आई पैसे तेवढेच ठेवते आणि टोपली लहान करते. तिची महागाई रुपयांत दिसतच नाही.

"कूट कमी घातलं तर काही बिघडत नाही गं. सवय झाली आता," ती म्हणाली.

मला ती सवयच टोचली. नव्या निर्देशांकासाठी २०२३-२४ ची खर्च पाहणी धरली आहे. तेव्हा कुणी आमच्या दारात येऊन विचारलं असतं, तर आईने खरं तेच सांगितलं असतं : शेंगदाणे, अर्धा किलो. आणि आमची काटकसर आमची गरज म्हणून नोंदली गेली असती.

पैसे वाढवलेत. पण आता फोनवर "पुरतात ना?" असं विचारत नाही. "शेंगदाणे किती आणलेस?" विचारते. पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "किलोभर."

पुढच्या खेपेला डायरीत बघणार आहे.