हवेचे रंग

मराठी शाळांमध्ये चित्रकलेच्या तासाला एकच निसर्गचित्र पिढ्यान्‌पिढ्या काढलं गेलं आहे. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या खाचेतून डोकावणारा सूर्य, वळणं घेत खाली येणारी नदी, काठावर कौलारू झोपडी आणि आकाशात मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी. या चित्रात सगळं असतं, फक्त हवा नसते. दूरचा डोंगर आणि दारातली झोपडी, दोन्ही कॅमलच्या डबीतल्या एकाच तपकिरी वडीतून निघालेली असतात. पुढे जलरंगांची पिशवी खांद्याला लावून हिंडू लागलं, की पहिली अडचण येते ती याच ठिकाणी. डोंगराचा आकार चटकन जमतो. डोंगर आणि आपण यांच्यामध्ये जे पसरलेलं आहे, त्याचं काय करायचं ते कळत नाही.

ऑक्टोबरात, पाऊस सरल्यावर, सह्याद्रीच्या कुठल्याही धारेवर उभं राहावं. पहिली रांग हिरवी, पिवळसर पडू लागलेली. तिच्यामागची निळसर हिरवी. तिसरी जांभळट आणि शेवटची इतकी विरळ, की आकाश कुठे सुरू झालं ते सांगता येऊ नये. झाडी मात्र सगळीकडे तीच. मधली हवा निळा प्रकाश जास्त विखुरते, म्हणून जितकी हवा जास्त तितका डोंगर निळा. लिओनार्दोनं पाचशे वर्षांपूर्वी चित्रकारांसाठी हे लिहून ठेवलं होतं. आषाढात हीच रांग दुधी होते, कारण पाण्याचे थेंब हवेच्या कणांहून फार मोठे. ते सगळेच रंग सारखे विखुरतात. मे महिन्यात वाईला कृष्णेच्या काठावरून पांडवगड पाहिला तर तो निळाही नसतो आणि पांढराही नसतो. धुळीनं त्याला मळकट पिवळी झाक आलेली असते. ट्यूबमधला कुठलाही रंग तसा निघत नाही. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळून आधी राखाडी करावा लागतो, मग त्यात पिवळ्या मातीचा जेमतेम स्पर्श.

जलरंगाची खरी गंमत पुढेच आहे. डोळ्यांसमोर जी हवा डोंगराला रंग देते, तीच हवा मांडीवरच्या कागदावरही काम करत असते. पावसाळ्यात ताम्हिणीत किंवा आंबोलीत आकाशाचा वॉश टाकावा आणि वाट पाहत बसावं. तो वाळत नाही. चहा होतो, दुसरा होतो, समोरचा कडा दोनदा दिसून दोनदा नाहीसा होतो आणि कागद ओलाच. त्यावर डोंगराचा रंग टेकवला की तो कडा सोडून पसरतो, आकाशात शिरतो. मान वर करून पाहावं, तर समोरही तेच चाललेलं असतं: डोंगर आकाशात शिरलेला. त्या दिवशी कोरडी, करकरीत रेघ ओढायची म्हटली तरी ओढता येत नाही, आणि ओढली असती तर ती खोटी ठरली असती.

लडाखमध्ये उलटं. लेह साडेतीन हजार मीटरवर; तिथल्या हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम दोन तृतीयांश, आणि ओलावा नावालाच. ब्रश कागदाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक वाळून त्याला कडक कड आलेली असते. सह्याद्रीत शिकलेली सगळी हातचलाखी तिथे निरुपयोगी. पण समोरचे डोंगरही तसेच, कातरीनं कापून ठेवलेले. कोसावरचा दगड हाताशी असल्यासारखा दिसतो, लांबचा डोंगर निळा व्हायचं नाव घेत नाही. निकोलस रोरिख या रशियन चित्रकारानं 1925 ते 1928 या काळात लडाख, मध्य आशिया आणि तिबेट पालथा घातला आणि मग कुलूजवळच्या नग्गरमध्ये कायमचं घर केलं. त्याची हिमालयाची चित्रं मुंबई-पुण्यात छापील स्वरूपात पाहिली, तर सपाट, जाहिरातीसारखी भडक वाटतात. तीच लेहमध्ये आठवली की ती शैली कमी आणि हवामानाची नोंद जास्त वाटू लागते. टेम्पेराचा चटकन वाळणारा, काठ न सोडणारा रंग त्या मुलखाला शोभणाराच होता.

चित्र ठरतं ते त्या त्या ठिकाणची हवा ओळखण्यावर; म्हणून फार हिंडलं म्हणजे निसर्गचित्र चांगलं होतं, यावर माझा विश्वास नाही. चित्रकार आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या दरबारी होते, आणि तरीही त्यांचा मुलूख म्हणजे मुख्यतः कोल्हापूरच. कोटितीर्थाचा काठ, रंकाळा, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा संध्यामठ. तळ्याकाठची हवा घटकेघटकेला बदलते. पहाटे पाण्यावरून वाफ उठते, दुपारी सगळं लख्ख होतं, सांजेला धूर आणि धूळ एक होतात. ज्याला हे दिसतं, त्याला त्याच काठावर बसून रोज नवा गाव भेटतो. 1922 मध्ये महाराज गेले, तेव्हा आबालालांनी आपली पुष्कळ चित्रं कोटितीर्थात बुडवली, असं कोल्हापुरात सांगतात.

आम्हा स्थळचित्रं काढणाऱ्यांना एक मोकळीक असते: नको ते गाळायचं. मेणवलीच्या घाटावर बसलं की विजेचे खांब, प्लॅस्टिकच्या घागरी, पलीकडची पत्र्याची शेड, सगळं डोळ्यांआड करून फक्त पायऱ्या, पाणी आणि झाडं घ्यायची. एकदा धुणं पिळता पिळता एक आजी पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ पाहून म्हणाल्या, "आमचं घर कुठाय रं यात, बाळा?" त्यांचं घर म्हणजे ती पत्र्याची शेड. मी म्हटलं, "आजी, ते झाडाआड गेलं." त्या हसल्या. "झाड तर त्या अंगाला हाय," म्हणाल्या आणि बादली उचलून चालू लागल्या.

घरं गाळता येतात, तारा गाळता येतात. हवा गाळता येत नाही. ती प्रत्येक रंगात आधीच मिसळलेली असते. 1815 मध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटल्यावर युरोपातले सूर्यास्त विलक्षण तांबडे झाले. त्या आणि इतर उद्रेकांनंतरच्या चित्रांतल्या सूर्यास्तात तांबड्याचं हिरव्याशी प्रमाण किती, ते मोजून ग्रीक शास्त्रज्ञांनी त्या काळी वातावरणात किती धूळ होती याचा अंदाज बांधला आहे. चित्रकारांना फक्त सुंदर संध्याकाळ काढायची होती, साक्ष मात्र वेगळ्याच गोष्टीची नोंदली गेली. हिवाळ्यात पुण्याच्या टेकडीवर बसलं, की शहरावर अलीकडे एक तपकिरी पट्टा दिसतो. त्याच्यामुळे सूर्य मोठा केशरी होतो आणि चित्र विकलंही जातं. पूर्वी तिथे मी स्वच्छ निळा वॉश टाकला असता. आता बर्न्ट सिएना घेतो आणि तो पट्टा जसा आहे तसाच काढतो. उद्या कोणी ही चित्रं सौंदर्यासाठी पाहील की पुराव्यासाठी, हे ठरवणं माझ्या हातात नाही; पट्टा खरा काढणं तेवढं आहे.