शर्यत थांबते, दाणा थांबत नाही

शर्यत बंद ठेवली तर कबुतरवाल्याचं असं काय मोठं बिघडतं? थोडे दिवस उडवू नका म्हणजे झालं. पक्षीच आहेत, बसतील ढाबळीत! तालुक्याच्या बातम्या करताना हे असलं बोलणं मी वीसेक वर्षं ऐकतोय. आधी बैलांबद्दल ऐकलं, नंतर कबुतरांबद्दल. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

उदाहरण इंग्लंडचं घेतो, कारण तिथे या खेळाची रीतसर संघटना आहे. रॉयल पिजन रेसिंग असोसिएशन, १८९६ सालची. मार्च २०२० मध्ये कोरोना आला आणि तिथल्या शर्यती, सराव, सगळं थांबलं. १ जूनला परवानगी मिळाली आणि केटरिंगहून बार्न्सलीकडे हजारो कबुतरं सोडली गेली. फुटबॉलची प्रीमियर लीग १७ जूनला सुरू झाली, म्हणजे कबुतरं फुटबॉलच्या आधी मैदानात आली. लोकांना याचं हसू आलं, पण कबुतरवाल्यांना घाई का होती ते समजून घ्या.

आपल्याकडे स्पर्धा बहुधा गिरेबाज कबुतरांची. सकाळी उडवायची आणि कोणाचं कबुतर जास्त वेळ हवेत राहतं ते बघायचं. तिकडची शर्यत होमर कबुतरांची. सगळ्यांची कबुतरं एकाच गाडीतून लांब न्यायची, एकाच वेळी सोडायची आणि प्रत्येकाने आपापल्या ढाबळीवर वाट बघत बसायचं. प्रत्येक ढाबळीचं अंतर वेगळं, म्हणून अंतराला वेळेने भागून वेग काढतात. ज्याचा वेग जास्त तो जिंकला.

यात हंगाम फार महत्त्वाचा. एप्रिल ते जुलै मोठ्या कबुतरांचा, तिथून सप्टेंबरपर्यंत त्याच वर्षीच्या पिल्लांचा. पिल्लू आठवडाभराचं झालं की पायात कडी घालतात, तिच्यावर जन्माचं वर्ष असतं. त्यामुळे पिल्लांच्या शर्यतीत ते फक्त त्याच वर्षी उतरू शकतं. आधी पाच-दहा किलोमीटरवरून सोडायचं, मग वीस, मग पन्नास. असं टप्प्याटप्प्याने ते वाट शिकतं. हे शिकणं राहिलं तर पुढच्या वर्षी कच्चं कबुतर लांबच्या शर्यतीत घालावं लागतं, आणि कच्चं कबुतर हरवायची भीती जास्त.

दुसरं नुकसान दिसत नाही, पण ते खोलवर जातं. कोणती जोडी ठेवायची, कोणाची पैदास करायची, हे शर्यतीच्या निकालावरून ठरतं. निकालच नाही तर माणूस अंदाजाने जोड्या लावतो. एका वर्षाची चूक पुढच्या पिढ्यांत उतरते.

आणि खर्च? मका, गहू, वाटाणा, लस, औषध, सगळं चालूच. बंद होतो तो फक्त मंडळाचा पैसा. मंडळाकडे पैसा नसेल तर कबुतरं नेणाऱ्या गाडीचा खर्चही निघत नाही. बार्न्सली हा जुना कोळसा खाणींचा भाग. तिथला हा छंद कष्टकऱ्यांनी वाढवला. अशा माणसाने एकदा ढाबळ मोडली की उतारवयात तो ती परत उभी करत नाही.

श्रीमंताला मात्र झळ बसत नाही. त्याच २०२० च्या नोव्हेंबरमध्ये बेल्जियममध्ये ‘न्यू किम’ नावाची मादी सोळा लाख युरोला विकली गेली, एका चिनी खरेदीदाराला. वर लिलाव रंगतात आणि खाली दाण्याची उधारी वाढते.

आता आपल्याकडे या. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला बर्ड फ्लूने कोंबड्या मेल्या. आमच्या गावापासून ते कितीतरी लांब. तरी इथे ढाबळी हलवा म्हणून लोक भांडायला उठले. माझा एक मित्र रिक्षा चालवतो. लॉकडाऊनमध्ये रिक्षा दारात उभी आणि वर गच्चीवर चाळीस कबुतरं. मुलांच्या ताटाआधी कबुतरांच्या दाण्याचा विचार करतो म्हणून घरात रोज वाद. बर्ड फ्लूची ओरड झाली तेव्हा त्याने चांगल्या जोड्या मिळेल त्या भावात देऊन टाकल्या. हे कुठल्याच सरकारी आकड्यात आलेलं नाही.

खरं तर कबुतराला हा रोग कोंबडी-बदकासारखा सहज होत नाही. तरीही पन्नास ढाबळींची कबुतरं एका गाडीत भरणं रोगाच्या काळात योग्य नाही, हे मान्यच. इंग्लंडमध्येही बर्ड फ्लूच्या हिवाळ्यात पक्षी एकत्र आणण्यावर निर्बंध आले. माझा विरोध निर्बंधांना नाही. कारण न सांगता, मुदत न ठरवता आणि ज्यांचे पक्षी आहेत त्यांना न विचारता सरसकट बंद करण्याला आहे.

बैलगाडा शर्यतीचं आपण बघितलं. मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ती बंद झाली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परत सुरू झाली. साडेसात वर्षं! तेवढ्यात किती दावणीची खिल्लारं बाजारात गेली, हे गावोगावी माहीत आहे. पण बैलांना होणारा त्रासही खरा होता. शर्यतवाल्यांनी तो आपणहून आधीच थांबवला असता तर ही वेळ कदाचित आली नसती.

म्हणून कबुतरवाल्यांनाही दोन शब्द. ढाबळ रोज साफ करा. विष्ठेच्या धुळीने फुप्फुसाचा आजार होतो, ही अफवा नाही. दादरच्या कबुतरखान्याचा वाद वेगळा, ढाबळीतला पक्षी वेगळा, पण शेजाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. लस द्या, पायात कडी घाला, भर उन्हात स्पर्धा ठेवू नका.

आपल्या तालुक्यात किती ढाबळी, किती पक्षी, याची यादी कोणाकडेच नाही. उद्या आदेश निघाला तर तुमची बाजू मांडायला हातात कागद हवा. ज्यांच्याकडे कबुतरं आहेत त्यांनी पक्ष्यांची संख्या आणि लस दिल्याची तारीख मला मेसेज करा. नावं इथे टाकणार नाही. यादी झाली की चार जण मिळून पशुधन विकास अधिकाऱ्यांना भेटू. रोगाच्या काळात शर्यत किती दिवस बंद ठेवणार आणि कशावरून उघडणार, हे आधीच लेखी मागून घेऊ.