नावांचा उच्चार

सतरा वर्षांखालील राष्ट्रीय संघ ही विचार केला तर मोठी चमत्कारिक संस्था आहे. तिचा शेवट तिच्या व्याख्येतच लिहिलेला असतो. प्रौढांच्या संघात एक खेळाडू निवृत्त होतो, दुसरा त्याची जागा घेतो, आणि संघ नावाची वस्तू अखंड राहते. मुलांच्या संघाला ही सोय नाही. ठरावीक तारखेनंतर जन्मलेली मुले देशभरातून वेचायची, काही वर्षे एकत्र वाढवायची, एका स्पर्धेत उतरवायची; ती स्पर्धा संपली की संघही संपतो, कारण पुढच्या खेपेस ही मुले वयात बसत नाहीत. २०१७ साली भारतात भरलेल्या फुटबॉलच्या विश्वचषक स्पर्धेसाठी ही तारीख १ जानेवारी २००० होती. जन्मदाखल्यावर सर्वांचा विश्वास बसत नाही, म्हणून मनगटाच्या हाडांची चुंबकीय तपासणी करून वय पडताळण्याची पद्धत या स्पर्धांत २००९ पासून रूढ झाली आहे. राष्ट्रीयत्व कागदावर सिद्ध होते. बालपण मात्र हाडांत शोधावे लागते.

दिल्लीत मराठी साहित्य शिकवणाऱ्या माणसाचा या विषयाशी संबंध काय, असे कोणी विचारील. माझे उत्तर इतकेच की मी मूळचा कोल्हापूरचा. आमच्या गावात फुटबॉल ही परकी वस्तू कधी वाटलीच नाही. कुस्तीच्या तालमींनीच तो दत्तक घेतला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावे तालमींची तशीच फुटबॉल संघांचीही. ज्या पेठेत सकाळी हौद्यातल्या लाल मातीत पोरे घुमत, त्याच पेठेतली मंडळी संध्याकाळी शाहू स्टेडियमवर आपल्या तालमीसाठी घसा बसेपर्यंत ओरडत. त्यामुळे २०१७ च्या भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव आहे असे कळले, तेव्हा मी एकवीस खेळाडूंची यादी मुद्दाम मिळवून वाचली. गावाचा अभिमान ही माणसाची बहुधा सर्वांत निरुपद्रवी दुर्बलता असावी.

परंतु ती यादी वाचता वाचता जाधव या ओळखीच्या नावापाशी मन थांबले नाही. ते इतर नावांकडे वळले. अमरजीत सिंग कियाम हा कर्णधार. धीरज सिंग मोइरांगथेम हा गोलरक्षक. जेक्सन सिंग थौनाओजम, सुरेश सिंग वांगजम, बोरिस सिंग थांगजम, निंथोइंगानबा मीतेई, नोंगदांबा नाओरेम, मोहम्मद शाहजहान. एकवीस जणांत हे आठ जण मणिपूरचे. शिवाय मिझोरामचा लालेंगमाविया आणि सिक्कीमचा कोमल थाटल. मैतेई रीतीने कुळाचे नाव आधी आणि व्यक्तीचे नंतर येते, ही गोष्ट मला त्या यादीच्या निमित्ताने शोधताना कळली. आपल्या छापील यादीत तो क्रम उलटून घेतलेला असतो. म्हणजे देशाच्या गणवेशात प्रवेश करताना नावालादेखील कूस बदलावी लागते.

त्या यादीने मला आणखी एक गोष्ट सुचवली. १९९२ साली एकाहत्तराव्या घटनादुरुस्तीने मणिपुरी, कोकणी आणि नेपाळी या तीन भाषा आठव्या अनुसूचीत दाखल झाल्या. मणिपूर, गोवा आणि सिक्कीम-दार्जिलिंगचा डोंगराळ मुलूख हे तिन्ही प्रदेश पिढ्यान्‌पिढ्या फुटबॉलवर जीव टाकणारे आहेत. यात कार्यकारणाचा संबंध नाही, हे मी जाणतो. तरीही ज्या भाषांना भारतीय म्हणण्यास राज्यघटनेने बेचाळीस वर्षे घेतली, त्यांची मुले मैदानावर केव्हाच भारतीय म्हणून धावत होती. मिझो भाषा तर अजूनही त्या अनुसूचीबाहेर आहे. भारतीय साहित्य एक असून ते अनेक भाषांतून लिहिले जाते, हे सूत्र आपण सारे उद्धृत करतो. परंतु आपल्या अभ्यासक्रमांत त्या अनेक भाषांची यादी बहुधा पाच-सहा थोर नावांपाशी थकते. फुटबॉलच्या निवड समितीला असा थकवा परवडत नाही. तिला गोल अडवणारा हवा असतो, आणि तो जिथे असेल तिथून आणावा लागतो.

९ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री मी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमात होतो. भारताला या स्पर्धेत स्थान मिळाले होते ते यजमान म्हणून; पात्रता जिंकून नव्हे. फिफाच्या कोणत्याही स्पर्धेत भारतीय संघ प्रथमच खेळत होता. तीन दिवसांपूर्वी अमेरिकेने आपला ३-० असा पराभव केला होता, आणि आज समोर कोलंबिया होता. मध्यंतराच्या अगदी आधी केरळच्या राहुलने मारलेला चेंडू गोलखांबावर आदळून परतला. उत्तरार्धात, एकोणपन्नासाव्या मिनिटाला, कोलंबियाने गोल केला. पुढचा अर्धा तास ती मुले चिवटपणे लढत राहिली. मग ब्याऐंशीव्या मिनिटाला बंगळूरच्या संजीव स्टॅलिनने कॉर्नर घेतला, आणि गर्दीतून उंच उठून जेक्सनने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला.

त्यानंतरचा आवाज मी आजवर कुठेही ऐकलेला नाही. अनोळखी माणसे एकमेकांना मिठ्या मारत होती. माझ्या मागच्या रांगेतून कुणी तरी विचारीत होते, गोल कोणी केला? शेजारी सांगत होता, तो उंच मुलगा. नाव कोणालाच येत नव्हते. हजारो माणसे ज्याच्यामुळे वेडावली होती, त्याचे नाव त्यांच्या जिभेवर बसत नव्हते. ते जिभेवर बसण्याइतका वेळही मिळाला नाही, कारण पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने दुसरा गोल केला. सामना २-१ असा हरलो. १२ ऑक्टोबरला घानाने ४-० अशी मात केली, आणि त्या संघाची विश्वचषकाची कहाणी तीन पराभव आणि एक गोल एवढ्यावर आटोपली.

मला त्या रात्री जी रुखरुख लागली तिचा पराभवाशी फारसा संबंध नव्हता. स्टेडियमपासून फार दूर नसलेल्या लाजपत नगरात, जानेवारी २०१४ मध्ये, अरुणाचलाहून आलेल्या एका तरुण विद्यार्थ्याला त्याच्या रूपावरून हिणवण्यात आले, मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. माझ्या वर्गांत बसलेल्या ईशान्येकडच्या मुलींना तुम्ही कोणत्या देशाच्या, असा प्रश्न बाजारात नित्य ऐकावा लागतो. तोच चेहरा निळ्या सदऱ्यात गोल करतो, तेव्हा हे शहर त्याला क्षणात आपला म्हणते. हे आपलेपण खोटे नव्हते. मी ते स्वतः पाहिले आहे. परंतु ते त्या एका मिनिटापुरतेच होते, की त्या मिनिटानंतरही उरणार होते, हा प्रश्न मनात राहिला.

मुलांवर राष्ट्राचे ओझे घालताना राष्ट्र मात्र आपल्या स्मरणशक्तीवर फारसे ओझे घेत नाही. १९७४ साली बँकॉकला झालेल्या आशियाई युवा स्पर्धेत भारताने अंतिम सामन्यात इराणशी २-२ अशी बरोबरी केली आणि अजिंक्यपद दोघांत विभागून मिळवले. कर्णधार होता हैदराबादचा शब्बीर अली, प्रशिक्षक अरुण घोष. त्या स्पर्धेचे अजिंक्यपद पुन्हा आपल्या वाट्याला आलेले नाही. तरीही माझ्या वर्गात हे नाव विचारले तर उत्तर मिळत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुलींची सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धा भारतात झाली. भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमवर आपल्या मुली अमेरिकेकडून ८-०, मोरोक्कोकडून ३-० आणि ब्राझीलकडून ५-० अशा हरल्या. कर्णधार अष्टम उराँव ही झारखंडच्या गुमला जिल्ह्यातील. उराँवांची कुडुख भाषाही अनुसूचीबाहेरचीच. तिच्या गौरवार्थ गावात रस्ता बांधला जात होता आणि त्या रस्त्यावर तिचे आईवडील मजुरी करत होते, ही वार्ता त्याच सुमारास वृत्तपत्रांतून आली. त्यावर भाष्य करण्याची गरज नाही. सन्मान आणि वास्तव इतक्या जवळ उभे राहिलेले क्वचित दिसतात.

३ मे २०२३ पासून मणिपुरात मैतेई आणि कुकी समाजांत हिंसाचार उसळला. गावे जळाली, हजारो माणसे छावण्यांत गेली. ४ जुलैला बंगळूरला दक्षिण आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना भारताने जिंकला. तो २०१७ चा उंच मुलगा आता प्रौढांच्या संघात होता. पदक घेताना त्याने अंगावर मैतेईंचा सप्तरंगी ध्वज पांघरला होता. त्यावरून टीकेचे काहूर उठले. कोणाच्या भावना दुखवायच्या नव्हत्या, आपल्या राज्यात काय चालले आहे त्याकडे लक्ष वेधायचे होते, अशा अर्थाचे स्पष्टीकरण त्याने दिले. त्या ध्वजाने कुकी मनाला काय वाटले असेल, हेही विसरून चालणार नाही. त्याची कृती योग्य की अयोग्य हा निवाडा मी करू इच्छीत नाही. मला एवढेच दिसते की ज्या मुलाला सोळाव्या वर्षी आपण देशाचे नाव छातीवर दिले, त्याला बाविसाव्या वर्षी आपल्या घराकडे देशाचे लक्ष जावे यासाठी एक कापड पांघरावे लागले. त्या रात्री दिल्लीत ज्यांना त्याचे नाव येत नव्हते, त्यांना त्याच्या गावाची बातमी तरी कशी पोचावी?

याच वर्षाच्या १० सप्टेंबरला भूतानमधील थिंफूला सोळा वर्षांखालील मुलांची दक्षिण आशियाई स्पर्धा संपली. भारताच्या तेवीस मुलांत सोळा मणिपूरची होती: अकरा मैतेई, चार कुकी आणि एक मैतेई पांगल, म्हणजे मणिपुरी मुसलमान. त्यांच्या राज्यात तेव्हा मैतेईने कुकींच्या डोंगरांत आणि कुकीने मैतेईंच्या खोऱ्यात पाऊल टाकणे जिवावरचे झाले होते. संघाचा कर्णधार कुकी होता. अंतिम सामन्यात बांगलादेशाविरुद्ध पहिला गोल मैतेई मुलाने केला, दुसरा कुकी मुलाने, आणि भारत २-० असा जिंकला.

या घटनेचे स्तोम माजवणे सोपे आहे. खेळ माणसे जोडतो, अशी वाक्ये आपण शाळेच्या बक्षीस समारंभांत पुष्कळ ऐकली आहेत. थिंफूच्या विजयाने मणिपुरातले एकही जळालेले घर पुन्हा उभे राहिले नाही. सामना संपल्यावर ती मुले परत कोणत्या वाटेने आणि कोणत्या गावी गेली असतील, हा विचार मनातून हटत नाही. कारण घरी जाण्याचा एकच रस्ता त्या सोळा जणांना उरला नव्हता. परंतु एवढे मात्र खरे की चेंडू पुढे देताना समोरचा कोणत्या कुळाचा, हे पाहण्यास त्यांना सवड नव्हती, आणि बहुधा इच्छाही नव्हती. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांनी हे केले, आणि त्याच काळात त्यांच्या वडीलधाऱ्यांना ते जमले नाही, ही नोंद कुठेतरी राहायला हवी.

तो संघही आता उरलेला नाही. वयाच्या नियमाने तो विसर्जित झाला. अशा संघांचे दफ्तर राष्ट्र ठेवीत नाही. ते काम आपल्यासारख्या, नावे आणि शब्द यांच्यावर पोट भरणाऱ्या मंडळींनी करायला हरकत नाही. मी माझ्या वर्गात भारतीय साहित्याच्या पहिल्या तासाला हल्ली २०१७ ची ती यादी फळ्यावर लिहितो. विद्यार्थी थौनाओजम आणि मोइरांगथेम पाशी अडखळतात, लालेंगमाविया पाशी हसतात. मणिपूरची एखादी विद्यार्थिनी असेल तर ती उच्चार दुरुस्त करते. मग सगळा वर्ग ते नाव पुन्हा म्हणतो, सावकाश, आणि कुळाचे नाव आधी.