परसातील पाठीवरचा पंप: बोरी बुद्रुक येथील अनुभव

पाठीवरचा फवारणी पंप म्हणजे टाकी, दाब तयार करणारा दट्ट्या आणि थेंब पाडणारे नोझल या तीन भागांचे साधे यंत्र. पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात तो बहुतेक घरी असतो, पण घेतलेला असतो शेतासाठी. ऊस, कांदा, टोमॅटो किंवा द्राक्षांसाठी आणलेला तोच पंप मग घराभोवतीच्या दोन-चार गुंठ्यांत लिंबू, कढीपत्ता, शेवगा, जास्वंद आणि गोठ्यामागच्या गवतावर चालतो. परसाची गरज मात्र वेगळी असते. इथे खाण्याची भाजी, तुळस, जनावरांची वैरण, पिण्याचे पाणी आणि खेळणारी मुले एकमेकांपासून हाताच्या अंतरावर असतात. बोरी बुद्रुक येथे कुकडी नदीकाठी प्रस्तुत लेखकाच्या परसात हातपंप आणि बॅटरीवरचा पंप असे दोन्ही प्रकार वापरात आहेत. पुढील विवेचन त्या वापरातून आले आहे.

हे यंत्र मुळात द्राक्षबागेचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील द्राक्षवेलींवर केवडा रोग पसरला आणि १८८५ च्या सुमारास मिलार्दे या शास्त्रज्ञाने त्यावर मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण सुचवले. ते मिश्रण वेलींच्या ओळींत फिरून फवारण्यासाठी पाठीवरच्या तांब्याच्या टाक्या प्रचारात आल्या. तेच बोर्डो मिश्रण आज नारायणगाव परिसरातील द्राक्षबागांत वापरले जाते. टाकी आता प्लास्टिकची झाली आहे, पण पंपाची रचना फारशी बदललेली नाही.

बाजारात तीन प्रकार मिळतात. हातपंपात एका हाताने दांडा मारत राहायचे आणि दुसऱ्या हाताने नळी धरायची. बॅटरीचा पंप, ज्याला गावात चार्जिंगचा पंप म्हणतात, साधारण १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो आणि त्याचा दाब बऱ्यापैकी एकसारखा राहतो. तिसरा पेट्रोलवरचा. त्याचा आणि बागेत चालणाऱ्या जास्त दाबाच्या एचटीपी पंपाचा जोर बागेसाठी उपयोगी असला तरी घराभोवती तो नको. जोराचा दाब म्हणजे बारीक थेंब, आणि बारीक थेंब जिथे टाकायचे तिथे थांबत नाहीत. परसासाठी खरी निवड पहिल्या दोन प्रकारांतच करायची असते.

निवडताना आधी वजनाचा विचार करावा. सर्वत्र मिळणारी टाकी १६ लिटरची असते. भरल्यावर पाणी १६ किलो आणि पंपाचे स्वतःचे चार-पाच किलो, म्हणजे वीस किलोंहून अधिक भार पाठीवर येतो. शिसे-आम्लाच्या बॅटरीने त्यात आणखी भर पडते. साठीच्या पुढच्या माणसाने किंवा सडपातळ बाईने पूर्ण टाकी उचलण्याचा अट्टहास करू नये. दहा लिटर भरून दोन फेऱ्या केल्या तरी परसाचे काम होते. पट्टे रुंद आणि आतून मऊ असावेत, कारण अरुंद पट्टा खांद्यात रुततो आणि माणूस वाकडा चालू लागतो. चाल वाकडी झाली की फवाराही कमी-जास्त पडतो. टाकीचे तोंड रुंद असावे, त्यात गाळणी असावी आणि झाकणाला रबरी वॉशर घट्ट बसलेला असावा. या शेवटच्या गोष्टीकडे दुकानात कोणी पाहत नाही. झाकणातून झिरपलेले औषध पाठीवरून कमरेपर्यंत उतरते आणि कपडा ओला असेपर्यंत अंगात मुरत राहते. म्हणून नवा पंप घरी आल्यावर आधी साधे पाणी भरून, पाठीवर घेऊन, वाकून, चालून पाहावे. पाठ कोरडी राहिली तरच त्यात औषध घालावे.

सुटे भाग जवळ मिळतात की नाही, हेही पाहावे. आळेफाट्याच्या किंवा नारायणगावच्या कृषी सेवा केंद्रात ज्या पंपाचे वॉशर, नोझल आणि ट्रिगर हमखास मिळतात, तो साधा पंप परगावाहून मागवलेल्या देखण्या पंपापेक्षा चांगला. पाच-दहा रुपयांच्या वॉशरसाठी पंप हंगामभर पडून राहिला, तर त्याच्या बाकीच्या गुणांना अर्थ उरत नाही. बॅटरीचा पंप घेतल्यास पावसाळ्यात काम नसतानाही महिन्यातून एकदा बॅटरी भरावी. शिशाची बॅटरी रिकामी ठेवली की मरते.

आता नोझल. पंपाच्या किमतीत त्याचा वाटा नगण्य असतो, पण फवारणीचा निकाल तेच ठरवते. कीड आणि बुरशीसाठी पोकळ शंकूसारखा फवारा देणारे नोझल घ्यावे. त्याचे थेंब पानांभोवती घुमतात आणि खालच्या बाजूलाही पोहोचतात. जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण किंवा लिंबावरची नागअळी वरून पाणी टाकून मरत नाही. गवतासाठी पंख्यासारखा चपटा फवारा देणारे नोझल लागते. ते जमिनीपासून साधारण ४५ ते ५० सेंटीमीटर उंचीवर, एकाच पातळीत धरावे. दुकानातून पंपाबरोबर येणारे फिरवून लहान-मोठे करायचे नोझल दोन्ही कामे करते, पण कोणतेच नीट करत नाही. परसासाठी दोन वेगळी नोझले घेणे हा पंपावरचा सर्वांत शहाणपणाचा खर्च आहे.

थेंब बारीक झाला की किती दूर जातो, हे समजण्यासाठी बोरीला फार लांब जावे लागत नाही. कुकडीच्या काठावर इथे ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडतो, आणि पुरातत्त्वाच्या अभ्यासात गावाचे नाव त्यामुळेच येते. अनेक संशोधक ही राख सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची, सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीची मानतात. सुमारे तीन हजार किलोमीटरवरून वाऱ्याने आणलेले ते कण आहेत. पंपाचा थेंब इतका लांब जात नाही, पण नियम तोच: कण जितका लहान, तितका तो हवेच्या ताब्यात. गोठ्यामागे मारलेले तणनाशक अंगणातल्या तुळशीपर्यंत जाण्यास फार वारा लागत नाही. बॅटरीच्या पंपाला दाब कमी करण्याची सोय असेल, तर तण मारताना दाब उतरवावा आणि नोझलवर प्लास्टिकचा हूड लावावा. हूडमुळे फवारा गवतापुरताच राहतो.

पंप किती पाणी टाकतो, हे मोजल्याशिवाय औषधाचे प्रमाण ठरवता येत नाही. गावात झाकणाने औषध मोजतात, आणि प्रत्येक बाटलीचे झाकण वेगळे असते. मोजणी सोपी आहे. १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद जागा आखावी. ती जवळजवळ एक गुंठा होते. टाकीत पाच लिटर साधे पाणी घ्यावे, ज्या चालीने नेहमी फवारतो त्याच चालीने ती जागा पुरी करावी आणि उरलेले पाणी मापाने मोजावे. समजा चार लिटर गेले, तर १६ लिटरची टाकी चार गुंठ्यांना पुरते आणि एकराला १६० लिटर पाणी लागते. लेबलवर एकरी ८०० मिली औषध सांगितले असेल, तर एका लिटरला ५ मिली आणि पूर्ण टाकीला ८० मिली होते. दुसऱ्या माणसाची चाल वेगळी, म्हणून त्याचे मापही वेगळे. घरात दोघे फवारणी करत असतील, तर दोघांनी मोजणी करावी. नोझल झिजले की तेवढ्याच वेळात जास्त पाणी जाते. नव्या नोझलमधून एका मिनिटात किती पाणी पडते ते लिहून ठेवावे आणि त्यात दहा टक्क्यांनी वाढ झाली की नोझल बदलावे.

परसात रासायनिक औषधाची गरज लोकांना वाटते त्याहून बरीच कमी असते. प्रस्तुत लेखकाच्या परसात पंपात सर्वाधिक वेळा जातो तो निंबोळी अर्क. पाच टक्के अर्कासाठी १०० लिटर पाण्याला ५ किलो निंबोळी लागते, म्हणजे १६ लिटरच्या टाकीला ८०० ग्रॅम. कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून सकाळी पिळावी आणि अर्क दुहेरी फडक्यातून गाळावा. त्यात थोडे साबणाचे पाणी घालावे, म्हणजे तो पानावर पसरतो. गाळण्यात कंटाळा केला की नोझल मिनिटामिनिटाला तुंबते. ते तारेने टोकरू नये आणि तोंडाने कधीच फुंकू नये. जुना दात घासण्याचा ब्रश त्यासाठी पुरतो. अर्क त्याच दिवशी आणि ऊन उतरल्यावर वापरावा, कारण उन्हात त्याचा गुण लवकर जातो.

तणाचे गणित वेगळे आहे. गाजरगवताची भारतातील पहिली ठळक नोंद १९५० च्या दशकात पुण्यातलीच, आणि आज ते बोरीच्या प्रत्येक बांधावर आहे. परसात ते फुलण्याआधी, पाऊस पडून जमीन मऊ असताना, हातमोजे घालून उपटणे हाच उत्तम उपाय. लव्हाळा आणि हराळी खुरप्याने दमतात, संपत नाहीत, आणि तेथेच माणूस तणनाशकाकडे वळतो. ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये निर्बंध घातले. त्या अधिसूचनेनुसार ते कीड नियंत्रण चालकांमार्फतच वापरायचे आहे. पॅराक्वाट पोटात गेल्यास त्यावर उतारा नाही, म्हणून ते घरात आणूच नये. जे तणनाशक वापरायचे त्याला स्वच्छ पाणी लागते. पावसाळ्यातील कुकडीचे गढूळ पाणी टाकीत भरले, तर काही तणनाशके मातीच्या कणांना चिकटून निकामी होतात. मग लोक औषध बनावट असल्याचे म्हणतात आणि मात्रा वाढवतात.

तणनाशकाचा पंप वेगळा असावा, हे या लेखातील सर्वांत महत्त्वाचे विधान आहे. बोरीत उसाचे आणि टोमॅटोचे शेत एकाच बांधाला लागून असते. उसातील रुंद पानांच्या तणासाठी २,४-डी फवारतात, आणि टोमॅटो, द्राक्ष, कापूस ही पिके त्याचा अंशही सहन करत नाहीत. शेजाऱ्याचा पंप मागून आणायचा, पाण्याने एकदा खळबळायचा आणि भाजीवर चालवायचा, ही गावाची रीत आहे. आठ दिवसांनी टोमॅटोची पाने वळतात, शेंडे आकसतात, आणि दोष विषाणूला दिला जातो. असे वाफे गावात पाहायला मिळतात. शेजारधर्म मोठा आहे, पण पंपाच्या बाबतीत तो नम्रपणे नाकारावा. दोन पंप परवडत नसतील, तर तणनाशकासाठी जुना हातपंप ठेवून त्यावर लाल रंगाने ठळक खूण करावी. नाइलाजाने एकच पंप वापरावा लागला, तर धुण्याच्या सोड्याचे पाणी टाकीत, नळीत आणि नोझलमध्ये रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी तीनदा स्वच्छ पाण्याने धुवावा. तरीही त्यातून टोमॅटोवर फवारणे टाळावे.

वेळ ठरवताना जुन्नरमध्ये दोन गोष्टींची ओढाताण होते. पुस्तके सांगतात, फवारणी पहाटे किंवा संध्याकाळी करावी. वारा तेव्हा पडलेला असतो. भोपळा, कारले, काकडी यांच्या फुलांवर सकाळी मधमाश्या येतात, म्हणून कीटकनाशकासाठी संध्याकाळ अधिक योग्य. पण तालुक्यातील उसात बिबट्यांचा वावर आहे. माणिकडोह येथे वन विभागाचे बिबट निवारा केंद्र आहे, ते याच कारणाने. अंधुक उजेडात, एकट्याने, वाकून काम करणारा माणूस बिबट्याला लहान प्राण्यासारखा दिसू शकतो. त्यामुळे परसाची जी बाजू उसाकडे आहे तिथली फवारणी सूर्य चांगला वर आल्यावर, वारा सुटण्याआधी आणि दुसरा माणूस जवळ असताना उरकावी. अंगणाकडच्या वेलींची फवारणी संध्याकाळी, दिवे लागण्याआधी करावी. फुलांवर माश्या दिसत असतील, तर त्या दिवशी कीटकनाशक नकोच.

फवारताना वारा बाजूने यावा आणि फवारलेल्या जागेतून परत चालावे लागू नये. अंगभर कपडे, रबरी हातमोजे, चष्मा, बूट आणि योग्य मुखपट्टी लागते. तोंडाला बांधलेला पंचा ओला झाला की औषध नाकापाशीच धरून ठेवतो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. कापूस डोक्याच्या वर गेलेला, औषधांची मिश्रणे तीव्र आणि अंगावर संरक्षण नाही, अशी ती स्थिती होती. परसातही शेवगा किंवा आंबा डोक्यावरून फवारला की तीच स्थिती होते. अशा झाडांवर लांब नळी वापरावी आणि फवारा येतो त्या बाजूला उभे राहू नये.

काम संपल्यावर टाकीत औषध उरू नये एवढेच भरावे. उरले तर ते त्याच जागेवर फिरवून संपवावे, विहिरीच्या किंवा ओढ्याच्या काठाला ओतू नये. पंप तीनदा धुवून, दट्ट्याला थोडे तेल देऊन, उलटा टांगावा. बाटलीच्या लेबलवरचा त्रिकोण पाहून ठेवावा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. रिकामी बाटली तीनदा धुवून तिला भोके पाडावीत. घासलेट किंवा तेल भरायला ती पुन्हा घरात येऊ देऊ नये. औषध मुलांच्या हाती लागणार नाही अशा कुलपात ठेवावे. फवारणीनंतर मळमळ, घाम, डोकेदुखी किंवा धूसर दिसणे सुरू झाले, तर ताबडतोब कपडे काढून साबणाने अंग धुवावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाची बाटली लेबलासह डॉक्टरांकडे न्यावी.