चार स्पेस, एक टॅब

आमचा एक छोटा मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्प आहे. आठ-नऊ जण, सगळे नोकरी सांभाळून रात्री काम करणारे. कोड कसा लिहायचा याची नियमावली मीच लिहिली. त्यातला एक नियम: इंडेंटसाठी चार स्पेस, टॅब चालणार नाही.

ज्यांचा कोडशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोणती ओळ कोणत्या अटीच्या पोटात आहे ते कळावं म्हणून ती डावीकडून थोडी आत सरकवतात. त्यासाठी स्पेस चारदा दाबा नाहीतर टॅब एकदा. आमच्या जावास्क्रिप्टला दोन्ही सारखंच. भांडतात ती माणसं. लिनक्स कर्नलमध्ये टॅब, तोही आठ अक्षरांचा. पायथॉनची २००१ सालची पेप-८ नियमावली चार स्पेस सांगते. गो भाषेने तर वादच मिटवला, तिच्यासोबत येणारं साधन स्वतःच टॅब घालून मोकळं होतं.

हे नियम फालतू नाहीत हो. २०१४ मध्ये ॲपलच्या कोडमधली चूक उघडकीस आली. 'गोटू फेल' ही ओळ दोनदा पडली होती. दुसरी ओळही पहिलीइतकीच आत सरकलेली, त्यामुळे ती अटीच्या आतलीच वाटायची. प्रत्यक्षात बाहेर होती, आणि आयफोन सुरक्षित जोडणीतली सही तपासायचंच गाळत होता. हे उदाहरण मी सगळ्यांना ऐकवायचो. मांडणी नीट असली की चूक डोळ्यांना दिसते, असं.

मागच्या वर्षी एका नव्या मुलाने बदल पाठवला. काम चोख, पण सगळीकडे टॅब. मी परत पाठवला, 'कृपया नियमावली वाचा.' त्याने दुरुस्त केला. पुढच्या वेळी पुन्हा टॅब. तेव्हा मी चिडूनच लिहिलं, 'एडिटरमध्ये एक सेटिंग असते, तेवढं करायला काय जातं?'

उत्तर आलं: 'सर, मला दिसत नाही. मी ब्रेल डिस्प्लेवर वाचतो, चाळीस घरांचा आहे. ओळ तीन पायऱ्या आत असली की स्पेसमध्ये बारा घरं रिकामी जातात, टॅबमध्ये तीन. पाठवताना मी बदलून घेतो, या वेळी राहिलं. माफ करा.'

माफी त्याने मागितली. मी रात्रभर त्या 'काय जातं'वर अडकलो होतो. ओळ ऐंशी अक्षरांच्या आत ठेवा हाही आमचा नियम. ते माप आयबीएमच्या १९२८ सालच्या पंचकार्डाचं, आणि आम्ही ते बिनतक्रार पाळतो. चाळीस घरांचा विचार कोणाच्या डोक्यातही आला नव्हता.

टॅब करू या म्हटल्यावर पहिला प्रश्न, 'एकासाठी सगळं बदलायचं?' इमारतीला रॅम्प मागितला की सोसायटीच्या मीटिंगमध्ये हेच ऐकू येतं. कोणी म्हणालं, त्याने आपल्या मशीनवर बदलून घ्यावं. ते तो करतच होता. पण दुसऱ्यांचे बदल तपासायचं पान ब्राउझरमध्ये उघडतं, तिथे स्पेसच. कोणती ओळ कोणी लिहिली हा इतिहास बिघडेल, हा आक्षेप मात्र खरा होता. पण असा बदल वगळून इतिहास बघायची सोय गिटमध्ये २०१९ पासून आहे. आणि टॅब असला की ज्याला दोन अक्षरांइतका दिसायला हवा त्याला दोन, ज्याला आठ त्याला आठ. कोणाचंच काही जात नव्हतं.

तरी तीन आठवडे गेले. शेवटी एका शनिवारी रात्री फॉर्मॅटर चालवला, पाच मिनिटंही लागली नाहीत. तो मुलगा आता माझाही कोड तपासतो, आणि माझ्यापेक्षा बारकाईने.

तुमच्या प्रकल्पात असा नियम असेल तर एकदा विचार करा. आमची सेटिंग हवी असेल तर कमेंटमध्ये टाकतो. फक्त पायथॉनवाल्यांनो, अर्ध्याच फाइलमध्ये बदलू नका. पायथॉन ३ ला टॅब-स्पेसची मिसळ पचत नाही.