गेलेले आटे

एखाद्या गृहस्थाचें वागणें जरा तऱ्हेवाईक दिसूं लागलें, कीं त्याचा 'स्क्रू ढिला झाला आहे' असें आपण हंसत हंसत म्हणतों. बोलणाऱ्याच्या मनांत नसलें तरी या थट्टेंत एक मोठें सत्य दडलेलें आहे. घरांतील शिवणयंत्रापासून आगगाडीच्या इंजिनापर्यंत मनुष्यानें जीं यंत्रें रचलीं, तीं बहुतेक सारीं स्क्रूंच्या आणि बोल्टांच्या आधारावर उभीं आहेत. आणि बोल्टाचा सारा आधार त्याच्या अंगावरील आट्यांत आहे. कागदाचा एक काटकोनी त्रिकोण कापून तो पेन्सिलीभोंवतीं गुंडाळावा, म्हणजे त्याची तिरपी कड वळसे घेत वर चढलेली दिसते. आटा म्हणजे तीच कड, धातूंत कोरलेली. घाटाचा रस्ता जसा वळणें घेत जड गाडी थोड्या जोरानें माथ्यावर नेतो, तसा आटा मनगटाच्या अल्पशा बळानें दोन भागांस प्रचंड दाबानें आवळून धरतो. उतरणीचा हा नियम शाळेंत सर्वांनींच पाठ केलेला असतो. त्यावर एका कुटुंबाची रोजी कशी लोंबकळत असते, हें आम्हांस गेल्या श्रावणांत पाहावयास मिळालें.

आम्ही राहतों अंधेरीस, वेसाव्याच्या वाटेवर. आमची नोकरी शिकविण्याची. परंतु रविवारीं कानस आणि पान्हा हातीं घेतल्यावांचून आम्हांस करमत नाहीं, हें वेसाव्याच्या कोळीवाड्यांतील कांहीं मंडळींस ठाऊक आहे. त्यांपैकीं एक नाखवा एके सकाळीं गोणपाटांत गुंडाळलेलें इंजिन घेऊन आमच्या दारीं आले. होडीच्या मागल्या फळीस टांगावयाचें तें लहानसें पेट्रोलचें इंजिन होतें. बरोबर त्यांची थोरली मुलगी होती. ती नुकतीच दहावीची परीक्षा उत्तीर्ण झाली होती.

"मास्तर, नारळी पुनवेला आठच दिवस राहिले," नाखवा म्हणाले, "आणि हें असें झालें."

झालें होतें तें असें. पावसाळ्यांत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. यांत्रिक नौकांस तर १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदीच असते. त्या सवडींत इंजिन साफ करून घ्यावें म्हणून नाखव्यांनीं तें एका ठिकाणीं दुरुस्तीस दिलें. तेथें सिलिंडरच्या माथ्याच्या सहा बोल्टांपैकीं एक हलेना, म्हणून लांब नळी पान्ह्यास जोडून तो बळेंच फिरविण्यांत आला. बोल्ट बाहेर आला खरा, पण भोकांतील आटे आपल्या अंगावर गुंडाळून घेऊनच आला. आतां त्या भोकांत कोणताही बोल्ट नुसता गरगर फिरे. "सबंध ठोकळाच नवा घाला," असा निकाल नाखव्यांस मिळाला होता. त्या ठोकळ्याची किंमत ऐकून ते गप्प झाले होते. कारण घरांत तेवढी रक्कम होती, पण ती मुलीच्या अकरावीच्या प्रवेशासाठीं बाजूस काढून ठेविलेली होती. मुलगी कांहीं बोलली नाहीं. ती त्या भोकांत वांकून पाहत होती.

हे आटे गेले कशानें? नळीचा जोर हें निमित्त झालें. मूळ कारण समुद्रांत होतें. व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञानें १८०० सालीं दोन निराळ्या धातूंच्या चकत्या एकावर एक रचून, मध्यें खाऱ्या पाण्यांत भिजविलेला पुठ्ठा ठेवून, विजेचा प्रवाह मिळविला. इंजिनाचा ठोकळा ॲल्युमिनियमचा, बोल्ट पोलादाचा, आणि मधल्या फटींत शिरलेलें समुद्राचें पाणी, म्हणजे व्होल्टाचाच घट झाला! अशा घटांत एक धातु खाल्ला जातो. येथें तो ॲल्युमिनियम. त्याची पांढरी भुकटी आट्यांच्या फटींत दाटून बसते व बोल्ट जागच्या जागीं जखडतो. खाल्लेले, पोकळ झालेले आटे मग एका झटक्यासरशीं तुटून येतात.

आतां उपाय कोणता? सुचविणारे पुष्कळ असतात. एकानें सांगितलें, बोल्टास सुताचा दोरा गुंडाळून दाबून बसवा. दुसऱ्यानें सांगितलें, डिंकासारखा तो दोन नळ्यांचा लेप मिळतो, तो भरा. पाण्याच्या नळास असले उपाय कदाचित् चालतील. परंतु जेथें प्रत्येक स्फोटागणिक माथा वर उसळूं पाहतो आणि इंजिन तापून पुन्हां गार होतें, तेथें त्यांचा टिकाव किती? तिसऱ्या हितचिंतकानें तर एक नवा बोल्टच दिला होता. तो नाखव्यांनीं खिशांतून काढून आमच्या हातावर ठेविला. "हा थोडा घट्ट जातो, मास्तर. हाच आंवळला तर?"

आम्हीं आट्यांचें माप घेण्याच्या दांतेरी पट्ट्या काढल्या आणि मुलीच्या हातीं दिल्या. तिनें एकेक पट्टी लावून पाहिली व सांगितलें कीं जुन्या बोल्टाला एक पट्टी बसते आणि नव्याला दुसरीच. तिचें म्हणणें अगदीं बरोबर होतें. जुना बोल्ट ८ मिलिमीटर जाडीचा, दोन आट्यांमधील अंतर १.२५ मिलिमीटर. नवा बोल्ट पांच-सोळांश इंचाचा, म्हणजे ७.९४ मिलिमीटर जाडीचा. परंतु त्यास इंचाला १८ आटे, म्हणजे दोहोंमधील अंतर सुमारें १.४१ मिलिमीटर. नुसत्या डोळ्यांस दोघे जुळे भाऊच दिसावेत! असा बोल्ट पहिला फेरा सुखानें जातो, दुसऱ्यांत अडखळतो. आणि अडखळला म्हणून जोर करावा, तर दर फेऱ्यास १६ शतांश मिलिमीटरची चूक सांचत जाऊन उरलेसुरले आटेही कापले जातात. घट्ट जाणें म्हणजे नीट बसणें असें अनेकांस वाटतें. त्या समजुतीनें पुष्कळ भोकें बिघडलीं आहेत.

हीं दोन मापें आपल्याकडे एकत्र नांदतात, याला इतिहास आहे. एके काळीं प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटास लागत नसे. इंग्लंडांत जोसेफ व्हिटवर्थ यानें १८४१ सालीं सर्वांसाठीं एकच पद्धत सुचविली व आट्याचा कोन ५५ अंशांचा ठरविला. १८६४ सालीं अमेरिकेंत विल्यम सेलर्स यानें ६० अंशांचा कोन पुढें मांडला. आजच्या मेट्रिक आट्यांचा कोनही ६० अंशांचाच आहे. भारतांत १९५६ च्या कायद्यानें मेट्रिक मापें आलीं. तथापि जुन्या यंत्रांबरोबर इंची बोल्टही उरले, आणि अंधेरीच्या कोणत्याही जुन्या वर्कशॉपांतील डबा उपडा केला, तर दोन्ही घराणीं एकाच ढिगांत सांपडतात.

ठोकळा घेऊन आम्ही तिघे मरोळास निघालों. २०१४ सालीं सुरू झालेली मेट्रो डोक्यावरून जात होती आणि तिच्या खालून आमची रिक्षा गर्दींतून वाट काढीत होती. मरोळास आमच्या ओळखीचे एक वयोवृद्ध मिस्त्री आहेत. त्यांची उमर लेथपाशीं गेली. त्यांनीं भोकांत बोट फिरविलें, उजेडाकडे धरून पाहिलें आणि ते म्हणाले, "ठोकळा वांचेल. पण मास्तर, आधीं भोक आणखी मोठें करावें लागेल. खराब तेवढें काढल्याशिवाय नवें बसत नाहीं. आणि हें काम एकदांच करतां येतें."

एकदांच कां, तें त्यांनीं बारीक तार भोकांत घालून दाखविलें. भोकाच्या बुडाशीं धातूचा पातळसा थर, आणि त्याच्या पलीकडे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा मार्ग. ड्रिल चार मिलिमीटर अधिक गेलें कीं ठोकळा कायमचा फुटला. नाखव्यांनीं हें ऐकलें आणि ते दाराशीं जाऊन पाठमोरे उभे राहिले.

मिस्त्रींनीं ८.३ मिलिमीटरचें ड्रिल निवडलें व खोलीच्या मापावर त्यास रंगीत चिकटपट्टी गुंडाळली. ठोकळा यंत्राच्या पाटावर असा आवळला कीं तो केसभरही हलूं नये. ड्रिल उतरलें, चिकटपट्टी कांठास टेकली, आणि त्याच क्षणीं वर आलें. मग नवे आटे पाडण्याचा टॅप. त्यावर रॉकेलाचे चार थेंब सोडून मिस्त्रींनीं मुलीच्या हातीं गुण्या दिला आणि सांगितलें, "पोरी, समोरून बघ आणि बाजूनेंही बघ. टॅप झुकला तर लगेच बोल." ती दोन्ही बाजूंनीं गुण्या लावून पाहत राहिली. दोनदां तिनें थांबविलें. दोन्ही वेळां मिस्त्री निमूटपणें थांबले आणि टॅप सरळ केला. अर्धा फेरा पुढें, पाव फेरा मागें, अशी ती चाल होती. मागें फिरविल्यानें कीस तुटतो व टॅप अडकत नाहीं. उतावळ्या मनुष्यास हें मागें येणें व्यर्थ वाटेल, पण त्यावांचून टॅप आंतच मोडण्याचें भय असतें.

भोक साफ झाल्यावर त्यांनीं एक लहानसें वेटोळें काढलें. गंज न धरणाऱ्या पोलादाच्या तारेचें तें स्प्रिंगसारखें वेटोळें, लांबी १२ मिलिमीटर. त्या तारेचा छेद चौकटच्या पानावरील चौकटीसारखा असतो. त्यामुळें वेटोळ्याच्या बाहेरच्या अंगास एक आटा होतो आणि आंतल्या अंगास दुसरा. बाहेरचा नव्या भोकांत बसतो. आंतला मूळच्या ८ मिलिमीटरच्या बोल्टास हुबेहूब जागा देतो. मोकळें असतांना वेटोळें भोकाहून किंचित् मोठें असतें, म्हणून आंत गेल्यावर तें फुगूं पाहतें व आपल्याच ताणानें घट्ट राहतें. पुन्हां खारें पाणी शिरूं नये म्हणून भोकास गंजरोधक लेप लाविला. वेटोळें कांठाखालीं पाव फेरा जाईपर्यंत फिरविलें, त्याची बुडाची शेंडी हलकेच ठोकून तोडली आणि चिमट्यानें बाहेर काढली. बोल्ट हातानेंच, बोटांच्या दोन पेरांनीं, शेवटपर्यंत गेला. तेव्हां कोठें नाखवा दारांतून आंत आले.

त्याच आठवड्यांत माथा चढविला. सहाही बोल्ट समोरासमोरच्या क्रमानें, तीन टप्प्यांत, जोर मोजणाऱ्या पान्ह्यानें आवळले. वेसाव्याच्या खाडींत इंजिन अर्धा तास चालविलें. माथ्याच्या कडेनें एक थेंबही पाझरला नाहीं. तरीही नाखव्यांचें समाधान होईना. घरापासून दूर, पाण्यावर, इंजिन हेंच ज्याचें बळ असतें, त्यानें शंका घ्यावी यांत नवल तें काय? ते आमच्यासह पुन्हां मरोळास गेले आणि त्यांनीं सरळच विचारिलें, "मिस्त्री, हें भोक टिकेल ना?"

मिस्त्री म्हणाले, "या भोकाची काळजी करूं नका. बाकीच्या पांचांची करा."

आम्हांस तें उत्तर प्रथम विनोदाचें वाटलें. विचार करतां पटलें. दुरुस्त केलेल्या भोकांत ॲल्युमिनियमचे आटे आतां अधिक रुंद घेरावर पाडलेले आहेत, म्हणून भार सोसणारा धातु वाढला. शिवाय बोल्टास भिडणारे आटे पोलादाचे आहेत. तें भोक पूर्वींहून बळकट झालें. उरलेलीं पांच मात्र तेंच खारें पाणी पीत आलीं आहेत आणि बाहेरून निर्दोष दिसतात. म्हणून मिस्त्रींनीं नियम घालून दिला: समुद्रावरून आल्यावर इंजिनांतून गोडें पाणी फिरवावें; दर पावसाळ्यापूर्वीं बोल्ट एकेक करून ढिले करावेत, पुसावेत, वंगण लावून पुन्हां मापानें आवळावेत; आणि एखादा हलेना, तर नळी न जोडतां भेदक तेल सोडून रात्रभर थांबावें. हे सारे नियम, बोल्टांच्या क्रमाच्या आकृतीसह, मुलीनें एका वहींत उतरून घेतले. प्रवेशाची रक्कम शाबूत राहिली आणि ती अकरावीस जाऊं लागली.

विद्यार्थिमित्रांनो, पट्टी, कोनमापक आणि दशांश अपूर्णांक हीं परीक्षेपुरतीं आहेत असें तुमच्यापैकीं कोणास वाटत असेल, तर त्यानें एकदां एखाद्या वर्कशॉपच्या दारांत तासभर उभें राहावें. पालकांसही आमची विनंती आहे कीं मुलाबाळांचे हात तेलानें काळे झाले तर रागावूं नये. कोळीवाड्यांतील ती वही आतां शेजारच्या तीन होड्यांवर फिरून आली आहे, आणि तिचीं पानें तेलकट झालीं म्हणून तिच्या मालकिणीनें दुसरी प्रत लिहावयास घेतली आहे.