दादांची दुनळी

वारशाने बंदूक आली की ती कुणाची, हा प्रश्न कागदोपत्री सुटतो. तिचं करायचं काय, हा मात्र घरातच सोडवावा लागतो.

आमच्या आजोबांची, म्हणजे दादांची, बर्मिंगहॅमची बारा बोअर दुनळी रत्नागिरी जिल्ह्यातल्या घरी आहे. भातात शिरणाऱ्या रानडुकरांना पिटाळायला दादा तिचा बार काढत. त्यांच्यानंतर परवाना रीतसर भाईजानच्या नावावर झाला. त्यांना नळ्या दुरुस्त करून ती वापरायची आहे. चाचा म्हणतात, दादांच्या वस्तूला कानस लागता कामा नये. माझं आयुष्य लेथवर गेलं, म्हणून निवाडा माझ्यावर आला.

नळ्या दमास्कसच्या आहेत, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, तापवून जोडलेल्या. बाहेरून लाटांसारखी नक्षी दिसते, आत गंजाचे खड्डे आहेत. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार झाला की त्याचा क्षार नळीत उरतो आणि दमट हवेत पाणी धरतो. खाडीकाठच्या घरात आणखी काय हवं?

बोलण्याआधी मापं घेतली. ब्रिटिश पद्धतीत नळीचा व्यास मागच्या टोकापासून ९ इंचांवर मोजतात. जुन्या ठशात नुसते १२ असेल तर चाचणीच्या वेळी तो .७२९ ते .७४० इंचांच्या आत होता. तो .७४० वर गेला की जुनी चाचणी बाद. व्यासापेक्षा महत्त्वाची भिंतीची जाडी. २० हजारांश इंच, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर, ही जाणकारांनी धरलेली खालची मर्यादा. आमची डावी नळी एका जागी १५ भरली.

आता उपाय. पोचा आतून उचलता येतो, नळ्यांमधल्या पट्टीचा सुटलेला झाळ पुन्हा लावता येतो. खड्डे घासून काढता येतात, पण घासणं म्हणजे भिंत आणखी पातळ करणं. १५ वर ते करायचंच नाही.

दुसरा उपाय स्लीव्हिंग. मागचा काही इंचांचा भाग ठेवून पुढच्या नळ्या कापायच्या आणि तिथे नव्या पोलादी नळ्या बसवायच्या. बंदूक मजबूत होते, नक्षी जाते. इंग्लंडमध्ये अशा नळीवर तसा शब्द कोरावाच लागतो आणि प्रूफ हाऊसची चाचणी पुन्हा द्यावी लागते. तिसरा, जुन्या नळीत पातळ पोलादी अस्तर घालणं. नक्षी राहते, पण काम फार थोड्या हातांचं. चौथा, पूर्ण नव्या नळ्या. त्याचा खर्च बंदुकीच्या किमतीहून जास्त. यातलं काहीही परवानाधारक कारागिराकडूनच करावं लागतं, आणि नळ्या परदेशी पाठवायच्या तर त्यालाही परवाना लागतो.

भाईजान म्हणाले, ‘‘स्लीव्ह करू. दस्ता दादांचाच राहील.’’

मी म्हटलं, ‘‘भाईजान, दस्ता राहील, खटके राहतील. पण दादा संध्याकाळी तेलाच्या फडक्याने पुसायचे त्या नळ्याच. आपण नेमकं काय वाचवतोय?’’

माझं मत सांगितलं. या नळ्यांत पुन्हा काडतूस घालायचं नाही. डाव्या नळीपाशी धरणाऱ्याचा डावा हात असतो, आणि ती फाटली तर पुन्हा सांधता येणारी गोष्ट ती नाही. गंज थांबवायचा, तेल लावायचं, परवाना वेळेवर नूतनीकरण करायचा. शेतासाठी हवी तर दुसरी बंदूक मागावी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोन बाळगता येतात.

चाचा खूश झाले, पण मी त्यांच्या बाजूने बोललो नव्हतो. नळी २५ हजारांश भरली असती तर मीच कारागिराचा पत्ता शोधला असता. वारशाची वस्तू जपायची की वापरायची, हे आपल्या ओढीवर ठरवू नये. आधी मोजावं.

भाईजान अजून नाराज आहेत. पण काडतुसांचा डबा त्यांनी स्वतःच कपाटातून काढून माझ्या हाती दिला: ‘‘हे दुकानात जमा कसं करायचं, ते विचारून ये.’’